टाकीपासून कमानीपर्यंत

ठाण्याच्या मागच्या आवारात एकतीस दुचाकी होत्या, दोन रिक्षा, चाकं काढलेली एक ट्रॉली आणि एक बैलगाडीचं जू. जू कुठल्या गुन्ह्यात जप्त झालं होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. एकतीसपैकी सतरा गाड्यांना नंबरप्लेट नव्हती. बावीस गाड्यांना एकही आरसा नव्हता. अक्काची मोटारसायकल चिंचेखालच्या रांगेत, भिंतीकडून चौथी. पुढचं चाक वाकडं, डावा इंडिकेटर गायब, डावा आरसा मुळापासून गायब, गिअरचा दांडा इंजिनाच्या बाजूला आत मुडपलेला. हँडलला सुतळीने बांधलेलं पांढरं हेल्मेट, त्याच्या डाव्या गालावर खरडल्याचा पट्टा. उजवा आरसा मात्र जागेवर होता आणि काचेला तडाही नव्हता. आरशाच्या पाठीवरून खाली दांडीवर उतरणारी लाल नेलपॉलिशची एक रेघ होती, बोटाच्या पेराएवढी. सरळ आणि अखंड.

मी पिशवीतून स्टीलची पट्टी काढली आणि रेघेशेजारी धरून फोटो घेतला. मग वाकलेल्या दांड्याशेजारी धरून दुसरा. आमचे प्रॅक्टिकलचे सर म्हणायचे, फोटोत पट्टी नसेल तर तो पुरावा नाही, नुसती आठवण. बी.एस्सी.चा निकाल लागून तेव्हा महिनाही झाला नव्हता. सरांची वाक्यं अजून खरी वाटायची.

"ओ मॅडम! हात लावायचा न्हाई. मुद्देमाल हाय त्यो." हवालदार खोत मागच्या दारातून ओरडत आले. एका हातात चहाचा पेला, दुसऱ्या हातात टोपी.

"हात लावत नाही. फोटो घेतेय."

"इन्शुरन्सकडनं आलायसा?"

"नाही. गाडीच्या मालकिणीची बहीण आहे मी."

"मालकीण?" खोतांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ही तर हिंगणवाडीच्या संग्राम निकमची गाडी."

"आरसी बुकावर सारिका निकम आहे. विमाही तिच्याच नावावर आहे."

"त्ये कागदावर हो," खोत समजूत घालावी तशा आवाजात म्हणाले. "बरं झालं आलासा. ह्यो एक लखोटा तेवढा बहिणीला द्या. हॉस्पिटलात जाऊन नोटीस बजवायची म्हंजे आमालाबी कसंतरीच वाटतंय."

मी तिथेच, उन्हात उभं राहून वाचलं. संग्राम उत्तम निकम याने विनापरवाना मोटारसायकल चालवली, असं त्याच्या स्वतःच्या जबाबावरून निष्पन्न झालं होतं. आणि परवाना नसलेल्या इसमाच्या ताब्यात वाहन दिल्याबद्दल वाहनाची मालक म्हणून सौ. सारिका निकम यांच्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा तिने हजर राहून करायचा होता. हजर राहून. ज्या बाईचा डावा पाय गुडघ्याखाली मागच्या आठवड्यात कापला होता तिने.

"हे कुणी लिहिलं?"

"नियमानं निघतंय त्ये. मालकानं लायसन बघून गाडी द्यावी लागती." खोतांनी चहाचा घोट घेतला. "मॅडम, माझ्यावर डोळं वटारून काय उपेग? जबाब संग्रामनं दिलाय. 'मी गाडी चालवत होतो, पत्नी मागे बसली होती.' आमी काय मनानं लिवतो व्हय?"

मी लखोटा पिशवीत घातला. तेव्हा मी संग्रामला दाजी म्हणायचे. इथे म्हणणार नाही.

*

अक्का एका गावच्या उपकेंद्रात नर्स होती. हिंगणवाडीपासून चौदा किलोमीटर, मधे राज्यमार्ग. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी गाडी घ्यायची ठरली. तिला स्कुटी हवी होती. संग्राम म्हणाला, स्कुटी बायकांची. म्हणून मोटारसायकल घेतली. कर्ज तिच्या पगारावर मिळत होतं म्हणून गाडी तिच्या नावावर झाली आणि गावात ती संग्रामची गाडी म्हणून फिरू लागली. एवढं मला माहीत होतं. बाकीचं मला अक्काने त्या दुपारी वॉर्डात सांगितलं.

तिने नोटीस वाचली, घडी घातली आणि उशीखाली ठेवली.

"नीलू, गाडी मी चालवत होते."

मला वाटलं औषधांचा परिणाम असेल.

"अशी बघू नकोस. शुद्धीत आहे मी. रोज मीच चालवते. सकाळी जातानाही आणि संध्याकाळी येतानाही. ह्यांना मार्केट यार्डात सोडते आणि पुढे जाते. येताना घेऊन येते."

"पण गावात तर…"

"गावात ते चालवतात. टाकीपासून पुढे."

हिंगणवाडीच्या रस्त्याला राज्यमार्ग सोडला की आधी वजनकाटा लागतो, मग पाण्याची टाकी, मग गावाची कमान. टाकीच्या आडोशाला अक्का गाडी थांबवायची. हेल्मेट काढून हातात अडकवायची, उतरायची, पदर खोचलेला सोडायची. संग्राम पुढे सरकायचा. ती मागे एका बाजूला दोन्ही पाय घेऊन बसायची. कमानीतून आत येताना गाव बघायचं की निकमांचा संग्राम बायकोला कामावरून घेऊन आला. सकाळी उलट. कमानीतून बाहेर तो आणायचा, टाकीपाशी उतरायचा.

"रोज?" मी विचारलं.

"तीन वर्षं."

"का?"

"कारण राज्यमार्गावर पोलीस असतात आणि ह्यांच्याकडे लायसन्स नाही. आम्ही दोघं एकाच दिवशी गेलो होतो आरटीओच्या कॅम्पला. साहेबांनी जमिनीवर फक्कीने आठचा आकडा काढला होता. त्यावरून गाडी फिरवायची, पाय टेकला की नापास. ह्यांनी तिसऱ्या वळणाला पाय टेकला. माझा नंबर ह्यांच्या मागेच होता. माझा नाही टेकला."

"परत द्यायची ना ट्रायल."

"मी कितीदा म्हटलं. म्हणाले, बायको पास झाली तिथं मी दुसऱ्यांदा जाणार न्हाई." ती हसली, आणि हसताना पाय दुखला तशी थांबली. "पाय नाहीये तरी दुखतो बघ. पोटरी दुखते. कुठली पोटरी?"

अपघाताच्या संध्याकाळी एक पिकअप वजनकाट्याच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यावरून न थांबता आला होता. द्राक्षाचे रिकामे क्रेट भरलेले. अक्काने गाडी उजवीकडे घेतली, तरी पिकअपचं मागचं चाक तिच्या पायावरून गेलं. पिकअप थांबला नाही, नंबर कुणी पाहिला नाही. संग्रामला उजव्या कोपराला खरचटलं आणि खांद्याला मुका मार लागला. काट्यावरची माणसं धावत आली तेव्हा दोघंही खाली होते. कुणीतरी विचारलं, गाडीवर कोण होतं? संग्राम म्हणाला, मी.

"आणि तू?"

"मी बेशुद्ध होते. जाग आली तेव्हा जबाब होऊन गेला होता. मला विचारलं कुणी?"

मी बाहेर जाऊन पॉलिसीच्या अटी मोबाइलवर वाचल्या. एकदा वाचल्या, मग एक कागद घेऊन लिहून काढल्या. धडक देणारी गाडी सापडली असती तर तिच्या विमा कंपनीवर दावा करता आला असता. ती सापडली नव्हती. उरला होता गाडीच्या मालकाचा स्वतःचा अपघात विमा, जो पॉलिसीबरोबर सक्तीने घ्यावाच लागतो आणि ज्याच्याकडे कुणी बघत नाही. त्यात एक पाय गेला तर भरपाई होती. अट एवढीच, मालक स्वतः गाडी चालवत असला पाहिजे आणि त्याच्याकडे चालू लायसन्स असलं पाहिजे. अक्का मालक होती, तिच्याकडे लायसन्स होतं, ती चालवत होती. तिन्ही अटी पुऱ्या होत्या. संग्रामच्या एका शब्दाने त्यातली एक खोडली गेली होती.

त्या भरपाईवर काय अवलंबून होतं तेही सांगते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, फुकट वाटतात तो कृत्रिम पाय घरातल्या घरात चालायला ठीक. शेताच्या बांधावरून वस्त्या फिरायच्या, लसीचा डबा घेऊन चढउतार करायचा, तर चांगला घोटा असलेला पाय हवा. अक्काची नोकरी कंत्राटी होती; फिरती जमली नाही तर ती जाणार.

*

दुसऱ्या दिवशी आबा आले. आबा म्हणजे अक्काचे सासरे. पांढरी टोपी, पांढरा सदरा, हातात शहाळं. मागून संग्राम. संग्रामच्या गळ्यात झोळी नव्हती, मुका मार बरा झाला होता. आबांनी आपला मोबाइल अक्कापुढे धरला.

"ह्ये बघ, गावानं काय लावलंय."

कमानीवर फ्लेक्स होता. संग्रामचा गॉगल घातलेला फोटो, खाली तरुण मंडळाच्या पोरांचे अठरा गोल फोटो. मधे मोठ्या अक्षरात: 'प्रसंगावधान राखून पत्नीला मृत्यूच्या दाढेतून खेचून आणणारे मर्द मावळे संग्रामदादा यांचा जाहीर सत्कार.' शाल आणि नारळ देऊनही झालं होतं. अक्काचा फोटो कुठेच नव्हता.

अक्काने फोन परत दिला.

"आबा, गाडी मी चालवत होते."

"तुला सुद नव्हती, पोरी."

"सुद गेली ती पडल्यावर. पडायच्या आधी होती."

"बरं, बरं. डोक्याला ताप करून घिऊ नगंस."

"ह्यांना विचारा ना. इथेच आहेत."

संग्राम मोबाइलवर काहीतरी वर सरकवत होता. मी म्हटलं, "दाजी, तुमच्याशी बोलतेय ती."

"काय विचारायचं त्यात?" तो वर न बघता म्हणाला. "सगळ्या गावाला ठावं हाय गाडी कोण चालवतंय. पंधरा जणांनी जबाब दिलाय."

हे खरं होतं, आणि त्यानेच माझं डोकं फिरलं. पंधराही जण खोटं बोलत नव्हते. तीन वर्षं त्यांनी कमानीतून येणारी गाडी पाहिली होती. कमानीच्या बाहेरची कुणी पाहिली नव्हती.

"तुम्ही चालवत होता असं लिहिलं तर तिला विम्याचा एक पैसा मिळणार नाही, कळतंय का तुम्हाला?" मी म्हणाले. "वर तिलाच नोटीस आलीय. तुम्हाला गाडी दिली म्हणून. पाय तिचा गेलाय आणि खुलासाही तिनेच द्यायचाय."

"दंड आमी भरू की," आबा म्हणाले.

"आणि पाय?"

"हळू बोल, वार्ड हाय ह्यो. तू शिकलेली हायस, तर समजून घे. सोसायटीची निवडणूक तोंडावर हाय. आमच्या पॅनेलकडनं संग्रामचं नाव गेलंय. आता मी गावात जाऊन सांगू, की पोरगं बायकूच्या मागं बसलं हुतं? शाल परत करू? नारळ तर खाल्लाबी." आबा स्वतःच्या विनोदावर हसले. "भरपाई न्हाई मिळाली तर न्हाई. आमी हाय की. सून हाय आमची, हिला काय कमी पडू दिऊ व्हय? नोकरीची तरी काय गरज हाय आता? घरात बसून खाऊ दे निवांत."

अक्काने चादर पायांवर नीट ओढली. म्हणजे एका पायावर, आणि दुसऱ्या बाजूच्या सपाट जागेवर. मग संग्रामकडे बघून म्हणाली, "अहो, एकदा तरी वर बघा."

त्याने वर बघितलं. आरशात बघावं तसं, ओझरतं. मग म्हणाला, "मी खाली गाडीपाशी थांबतो, आबा."

आबाही निघाले, तेव्हा शहाळं मी त्यांच्यामागून जिन्यापर्यंत नेलं आणि आबांच्या हातात परत दिलं. आयुष्यात मोठ्या माणसाला मी तोवर उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी जिन्यावर जे बोलले ते इथे लिहीत नाही. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई बाहेर येऊन बघायला लागल्या एवढं पुरे.

*

विमा कंपनीकडून चौकशीला बागवानसाहेब आले. पन्नाशीचे, बारीक, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी अक्काचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही. मग पेनाचं टोपण लावलं.

"ताई, रागावू नका. मी बावीस वर्षं हेच काम करतोय. गाडी पडते, चालवणाऱ्याकडे लायसन्स नसतं. चार दिवसांनी घरातला लायसन्सवाला पुढं येतो, म्हणतो गाडी मीच चालवत होतो. कधी मामा, कधी चुलतभाऊ. एकदा तर ऐंशी वर्षांचे आजोबा आले होते, मोतीबिंदूची पट्टी लावून. तुमच्याकडं लायसन्स आहे, मिस्टरांकडं नाही. आणि मिस्टर स्वतःच्या विरोधात जबाब देतायत. मी कुणाचं धरू?"

"मिस्टर स्वतःच्या विरोधात नाही देत," मी म्हणाले. "तिच्या विरोधात देतायत."

"ते तुमचं घरगुती."

"हेल्मेट तिच्या डोक्यावर होतं. त्यावर खरडलंय."

"मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं कायद्यानं."

"आमच्या गावात पुढं बसणारा तरी घालतो का?" अक्का म्हणाली.

बागवानसाहेबांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं.

"बरं, पाय बघा," मी म्हणाले. मी कागदावर आकृतीच काढून ठेवली होती. "सगळे म्हणतात ती मागे एका बाजूला बसली होती. मग दोन्ही पाय डावीकडे हवेत. उजव्या पायाला ओरखडाही नाही. तो गाडीच्या उजव्या बाजूला होता. म्हणजे ती दोन्हीकडे पाय टाकून बसली होती."

"दोन्हीकडं पाय टाकून मागंही बसता येतं. आणि गाडी पडल्यावर कोण कुठं घसरलं ते देवाला माहीत. आकृती छान आहे, मॅडम. पण त्यात पिकअप सरळ रेषेत येतोय. असं येत नाही कुणी." ते उठले. "परवा ठाण्यात गाडीची पाहणी आहे. चेसिस नंबर, इंजिन नंबर. मिस्टर आणि सासरेही येणार आहेत. ती झाली की मी फाईल पाठवणार. दोन जबाब एकमेकांविरुद्ध आहेत, एवढंच लिहीन. पुढं कंपनी काय करते ते तुम्हाला सांगायला नको."

ते गेल्यावर मी आकृतीचा कागद चुरगाळला. अक्का भिंतीकडे बघत होती. वॉर्डात समोरच्या खाटेवरची म्हातारी खोकत होती. मला काहीतरी बोलायचं म्हणून मी मोबाइलमधले फोटो उघडले.

"अक्का, आरशाला नेलपॉलिश कशाला लावलंयस?"

तिने फोटो हातात घेतला. बघता बघता तिचा चेहरा बदलला. आधी ओठ, मग डोळे.

"ही रेघ अजून जुळलेलीच आहे?"

"जुळलेली म्हणजे?"

"अगं, टाकीपाशी हे पुढे बसले की पहिला हात आरशाला. किल्ली नंतर. स्वतःचं तोंड दिसेल असा वर करून आत वळवायचे, केस सारखे करायचे, मगच गाडी हलायची. सकाळी मला परत लावायला लागायचा. ते सहा फुटी, मी पाच फूटसुद्धा नाही. रोज टाकीपाशी पाच मिनिटं माझी त्यातच जायची, कधी आभाळ दिसायचं कधी माझाच खांदा. म्हणून एकदा नीट लावला आणि अर्धी आरशावर, अर्धी दांडीवर अशी रेघ ओढली. सकाळी दोन्ही अर्धुकं जुळवली की माझा आरसा तयार."

"त्यांनी विचारलं नाही रेघ कसली?"

"त्यांनी कधी आरशाची मागची बाजू बघितलीय?"

*

परवाच्या दिवशी सकाळी ठाण्याच्या मागच्या आवारात आम्ही पाच जण होतो. बागवानसाहेब, खोत, आबा, संग्राम आणि मी. आबा आणि संग्राम फाटकापाशी कुणाशी तरी फोनवर बोलत होते. निवडणुकीचं काहीतरी. बागवानसाहेबांनी चेसिस नंबरावर खडू घासला, कागदावर उतरवला. इंजिन नंबर उतरवला.

"साहेब, एक फोटो काढा," मी म्हणाले. "उजव्या आरशाचा, मागच्या बाजूने. ही पट्टी शेजारी धरते."

"ही कसली रेघ?"

"नंतर सांगते. आधी फोटो. रेघेच्या वरच्या आणि खालच्या तुकड्यात अंतर किती दिसतंय?"

त्यांनी चष्मा कपाळावर केला, वाकून पाहिलं. "अंतर कुठाय? सरळ आहे. शून्य."

"लिहून ठेवाल?"

"मॅडम," खोत म्हणाले, "तुमी मास्तरीण व्हणार, लिहून घ्या माझ्याकडनं." पण बागवानसाहेबांनी लिहिलं. फोटोही काढला. खोतांना विचारलं, गाडी आल्यापासून आरशाला कुणी हात लावलाय का? खोत म्हणाले, "मुद्देमालाला? माझ्या समोर माशी बसंना झालीय." बागवानसाहेबांनी माझे पहिल्या दिवशीचे फोटोही बघून घेतले.

मग आबा आणि संग्राम आले. संग्रामने घट्ट निळा शर्ट घातला होता, गॉगल डोक्यावर.

"झालं का साहेब?" आबा म्हणाले. "मंजे आमी निगायला मोकळं."

"होत आलं," बागवानसाहेब म्हणाले.

मी म्हणाले, "साहेब, त्यांना एकदा गाडीवर बसायला सांगा. त्या दिवशी बसले होते तसं."

"ह्ये काय नाटक?" आबा माझ्याकडे वळले. "तुझ्या बापाला फोन लावू का आता?"

"लावा."

"अवो आबा, बसतो की. त्यात काय झिजतंय?" संग्राम म्हणाला. त्याला बसायला आवडायचं. वाकड्या चाकाच्या, पंधरवडाभर उन्हात पडलेल्या, दुसऱ्याच्या नावावरच्या गाडीवरसुद्धा.

बागवानसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग खांदे उडवले. "बसा, निकम. बसला होता तसंच बसा."

गाडी मधल्या स्टँडवर होती. संग्रामने पाय फिरवून टाकला. सीट करकरली. गॉगल डोक्यावरून डोळ्यांवर आला. डावा हात क्लचवर गेला. उजवा हात आरशाकडे गेला. आरसा त्याने वर उचलला, आत वळवला, मान थोडी तिरकी केली आणि कपाळावरची बट दोन बोटांनी मागे सारली. मग हात अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवला.

"असा," तो म्हणाला.

खोत हसले. "संग्रामदादा, लगीन झालंय तुमचं. आता कुणाला दावायचंय?"

"टापटीप असावं, हवालदार."

बागवानसाहेब हसले नाहीत. ते गाडीला वळसा घालून पुढच्या बाजूला, आरशाच्या पाठीपाशी येऊन उभे राहिले. वाकून रेघ पुन्हा पाहिली.

"निकम, रोज असंच करता? बसल्या बसल्या पहिल्यांदा आरसा?"

"मग? मागचं दिसाय नको? नियम हाय की."

"बरोबर, नियम आहे. न चुकता करता?"

"सवयच हाय. डोळं झाकून हुतंय."

"म्हणजे त्या दिवशीही केला असणार."

"केला की!"

"आणि मग पडेपर्यंत परत हात लावला नाही."

"कशाला लावू? येकदा लावला की लावला."

आधी आबांना कळलं. काय ते पूर्ण कळलं नसेल, पण पायाखालचं काहीतरी सरकलंय एवढं कळलं. बावीस निवडणुका पाहिलेला माणूस होता तो.

"संग्राम, उतर खाली."

"थांबा, आबा. निकम, उतरू नका. हात तिथंच ठेवा."

"पडल्यावर आरसा हालला असंल, साहेब. पडलीय गाडी. लोखांडाचा काय भरवसा?"

"हलला असता तर मला मघाशी रेघ तुटलेली दिसली असती, आबा." बागवानसाहेबांचा आवाज आधी होता तसाच होता, फक्त त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "ह्यांनी बसून वळवला आणि पडताना नेमका परत जुळला, असं मी लिहू? माझा साहेब मला घरी बसवेल."

"कसली रेघ?" संग्रामने विचारलं. त्याने आरशात पाहिलं. आरशात त्याला तोच दिसला.

"तुमच्या मिसेसनी ओढलेली," मी म्हणाले. "तिला मागचा रस्ता दिसावा म्हणून."

तो उतरायला लागला. आबांनी त्याचा दंड धरला, मग सोडला. फाटकापाशी कुणीतरी ट्रॅक्टर सुरू करत होतं, तो सुरू होत नव्हता. खोतांनी टोपी काढून डोक्यावरचा घाम पुसला आणि परत घातली.

बागवानसाहेबांनी कागद गाडीच्या टाकीवर ठेवला. "मॅडम, ती पट्टी आणा इकडं. मघाशी किती लिहिलं आपण?"

"शून्य."

"आता?"

मी पट्टी रेघेच्या वरच्या तुकड्याच्या कडेला टेकवली आणि खालच्या तुकड्याच्या त्याच कडेपर्यंत वाचलं. मनगट हँडलला टेकवून पुन्हा वाचलं.

"सात मिलिमीटर."